निळ्या सायप्रसवरची छत्री

डिचोली तालुक्याच्या उन्हात थंड प्रदेशातल्या झाडांचा संसार मांडून बसलेला माणूस तुम्हाला आमच्या भावोजींशिवाय जगात दुसरा सापडणार नाही. आणि चुकून सापडलाच, तर कृपा करून दोघांची गाठ घालून देऊ नका, कारण मग आमच्या ताईच्या चुलीवरचं चहाचं भांडं खाली उतरणार नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मयेच्या तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर आहे. गोव्यातल्या घराभोवती जे असायला हवं ते सगळं तिथं आहे. माड आहेत, पोफळी आहेत, फणस, केळी, आंबाडा, अबोली, जास्वंद आहे. पण ते सगळं मागच्या बाजूला आणि ताईच्या मालकीचं. पायरीपासून फाटकापर्यंतची पुढची जमीन भावोजींची. तिथं थुजा, ज्युनिपर, सायप्रस, अरौकेरिया असली सुईसारख्या नाहीतर खवल्यासारख्या पानांची पस्तीसेक झाडं उभी आहेत. उभी आहेत म्हणजे काही काठीला बांधून, काही भिंतीला टेकून, काही नुसत्या भावोजींच्या इच्छेवर, पण उभी आहेत.

भावोजींच्या लेखी झाड म्हणजे एवढंच. बाकीच्या वनस्पतींना ते झाड मानत नाहीत. 'बारा महिने हिरवं राहतं ते खरं झाड' अशी व्याख्या त्यांनी एकदा मला ऐकवली, तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीनं म्हणालो, "भावोजी, मग माडसुद्धा बारा महिने हिरवा असतो की." त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "मास्तर, जें आमटेंत पडटा तें झाड न्हय. ती भाजी." त्या हिशेबानं ताईचं सगळं परस म्हणजे भाजीचा मळा. भावोजींची आणखी एक जातव्यवस्था आहे. सूचिपर्णी झाडांतही जे झाड सहज जगतं त्याला त्यांच्याकडे मान नाही. कुणीतरी हौसेनं दिलेली एक साधी मोरपंखी त्यांनी मागं विहिरीकडे, कपडे धुवायच्या दगडाशेजारी हद्दपार केली. कारण विचारलं तर म्हणाले, "ती खंयच्याय शाळेच्या गेटीर आसता." आमच्या पेडण्याच्या शाळेच्या फाटकाशी दोन मोरपंख्या होत्या, त्यामुळे मी तो विषय वाढवला नाही.

हे वेड त्यांना मुळात नव्हतं. तीस वर्षं ते एका लोहखनिजाच्या खाणीवर, ट्रक तोलायच्या काट्यावर होते. समोरून दिवसभर तांबड्या मातीचे ट्रक जायचे. वर्षातले आठ महिने त्या रस्त्याकडेचं एकूण एक झाड तांबडं असायचं. पान आंब्याचं की काजूचं हे बोटानं पुसून बघावं लागे. मग खाण बंद पडली आणि भावोजी घरी येऊन सोप्यावर बसले. बसले ते वर्षभर उठलेच नाहीत. ताट समोर आलं तर जेवत, विचारलं तर हं म्हणत. ताईनं बोलून पाहिलं, रडून पाहिलं, देवाला नारळ ठेवून पाहिला. त्या वर्षाबद्दल ती अजूनही बोलत नाही, आणि ताई ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही अशी मला ती एकच माहीत आहे. अखेर मी त्यांना कुठल्याशा लग्नाचं निमित्त काढून बेळगावला नेलं. तिथं एका नर्सरीत ते एका झाडासमोर थांबले. कमरेएवढं झाड होतं, सडसडीत, सरळ, अंगावर निळसर राखी झाक असलेलं. सायप्रसचीच एक जात, असं नर्सरीवाला म्हणाला. भावोजींनी पान उलटसुलट केलं, बोट पुसून पाहिलं, आणि वर्षभरानंतर पहिलं पूर्ण वाक्य बोलले, "हें कशें नितळ आसा, मास्तर!"

परत येताना त्यांनी ते झाड बसमध्ये जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. कंडक्टर आला, बसच्या मागच्या बाजूकडे हात करून म्हणाला, "झाडाक सीट कित्याक? फाटल्यान दवरात."

"फाटल्यान बसल्यार ताका घेरी येतली," भावोजी म्हणाले.

"मागीर तिकीट काडात ताचें."

"अर्दें दी. बारा वर्सांभितरलें आसा तें."

चोर्ल्याच्या घाटातून बस उतरेपर्यंत दोघांचा वाद चालला होता. सगळी बस मागं वळून ऐकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नुसतं हसून आलेलं नव्हतं. शेवटी कंडक्टरनं खरंच अर्धं तिकीट फाडून दिलं. ते तिकीट भावोजींनी अजून देवघराच्या फळीवर जपून ठेवलं आहे. झाडाचं वय कुणी विचारलं की पुरावा म्हणून तेच काढून दाखवतात.

तर तो हा निळा सायप्रस. तो फाटकाशेजारी मानाच्या जागी लागला, आणि मग त्याला सोबत म्हणून बाकीची मंडळी येत गेली. भावोजी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसायचे आणि त्याच्याशी बोलायचे, ताईच्या शब्दांत 'उलयताले'. तळ्याचं पाणी किती उतरलं, पंचायतीत काय झालं, ताईनं काल काय म्हटलं, सगळा वृत्तांत. एकदा सुरुवात झाली की मग दिवसभर घरात, शेजारी, बाजारात तोंडाचा पट्टा सुरू. त्या झाडाला हात लावायला मात्र कुणालाही परवानगी नव्हती, स्वतः भावोजींनाही नव्हती. हाताच्या उष्णतेनं म्हणे त्याची निळाई जाते. निळाईबद्दल आमच्यात मतभेद होते. मला तो कायम धुरकट दिसायचा. खरं सांगायचं तर ती सगळीच झाडं मला कायम आजारातून उठल्यासारखी वाटायची.

उन्हाळ्यात फ्रिजमधला सगळा बर्फ ज्युनिपरच्या कुंड्यांना जातो. एप्रिलमध्ये एका रविवारी मी घामाघूम होऊन पोचलो आणि ताईनं गुपचूप माझ्या कोकमाच्या सरबतात एक खडा टाकला. भावोजींना तो ग्लासात वाजलेला ऐकू आला. दिवसभर माझ्याशी अबोला. निघताना फाटकाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "तुमकां घाम येता, मास्तर. ताका येना."

पण उन्हाळा परवडला. ही झाडं उन्हाला भितात हे मी समजू शकतो, ती पावसालाही भितात. मुळांशी पाणी साचलं की कुजतात. त्यामुळे मिरगाच्या आधी प्रत्येक झाडाशेजारी एक बांबू रोवून त्याला काळी छत्री बांधायची, ती तुळशीच्या लग्नापर्यंत सोडायची नाही, असा भावोजींचा नेम आहे. मोडकी छत्री गावात कुणी टाकत नाही, इथं आणून देतात. घरातल्या माणसांसाठी मात्र एक छत्री उरत नाही. ताई भर पावसात प्लास्टिकचं पोतं डोक्यावर घेऊन बाजाराला जाते, आणि चतुर्थीचा गणपतीसुद्धा दरवर्षी प्लास्टिकच्या कापडाखालून घरी येतो. एका आषाढात नवा बदलून आलेला पोस्टमन फाटकाशी आला. आत पावसात एका जागी निश्चल उभ्या असलेल्या एवढ्या काळ्या छत्र्या पाहून बिचाऱ्यानं चपला काढल्या आणि मान खाली घालून पाच मिनिटं भिजत उभा राहिला. मग ताई दिसली तशी हळूच म्हणाला, "वयनी, कोण गेलें?" ताई म्हणाली, "अजून कोण ना. पूण हें अशेंच चल्लें जाल्यार हांवच वतलीं."

ताईचा या झाडांवर एकच, पण भक्कम आक्षेप होता. फूल नाही, फळ नाही, देवाला नाही की सैपाकाला नाही. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी दांड्यांची चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, रानातली फळं, पानं, फुलं बांधायची. जे जे आपल्या मातीत पिकतं ते देवासमोर मांडायचं. ताईची माटोळी आसपासच्या चार वाड्यांत नावाजलेली. तिच्या मते परसातल्या झाडाची लायकी तिथं ठरते. ज्याचं काही माटोळीला चढलं ते घरचं, बाकीचं पाहुणं. भावोजींना हे फार लागायचं. आपल्या झाडांनाही फळ येतं, त्याला शंकू म्हणतात, ते माटोळीला बांधता येईल, असं ते दरवर्षी श्रावणात सांगत. ताई खोबरं किसता किसता म्हणायची, "फळ हाडात, बांदतां." आणा, बांधते, एवढंच. त्यामुळे दर श्रावणात भावोजी भिंग घेऊन निळ्या सायप्रसभोवती प्रदक्षिणा घालायचे.

एका वर्षी त्यांना शंकू मिळाला. न्हाव्याकडून आणलेल्या कात्रीनं, झाडाला हाताचा स्पर्श न करता त्यांनी तो कापला, पितळेच्या ताटात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि मिरवत सैपाकघरात नेला. मी हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या खात होतो. बोटाच्या पेराएवढा, सुक्या पानांच्या खवल्यांचा तो शंकू आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिला. भावोजींनी शंकूच्या रचनेवर बोलायला सुरुवात केली. आणि शंकूनं एका टोकातून काळं डोकं बाहेर काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि ताटातून ताईच्या दिशेनं चालू लागला. झाडाची पानं अंगाभोवती विणून राहणारी ती एक अळी होती. ताई किंचाळून पाटावर चढली. भावोजींनी भिंग काढून तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे झाड बरें आसा. किडीक तरी तें झाड दिसता."

ही अळी भावोजींना शंकू वाटली तेव्हाच आम्हाला त्यांच्या डोळ्यांची शंका यायला हवी होती. ती आली दोन वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, साखळीच्या एका मंगल कार्यालयात. भावोजी नवरा-नवरीकडे पाठ करून कोपऱ्यातल्या एका थुजापाशी उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी मॅनेजरला बोलावून आणलं आणि झाडाची हिरवाई छान ठेवली आहे, पण पाणी जास्त होतंय, असं समजावून सांगितलं. मॅनेजर मान डोलवत राहिला. झाड प्लास्टिकचं होतं. पुढच्याच सोमवारी ताई त्यांना पणजीला डोळ्यांच्या दोतोराकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. श्रावणाच्या तोंडावर ऑपरेशनं झाली.

दोतोरानं आठ दिवस ऊन, धूळ आणि पाणी टाळायला सांगितलं होतं. ताईनं त्या आठ दिवसांचा महिना केला. भावोजींना मागच्या खोलीत बसवलं, काळा चष्मा लावला, पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. ते कुरकुर करायचे, तर "दोतोरान सांगलां" म्हणून दार ओढून घ्यायची. भावोजी आतून ओरडून हुकूम सोडायचे, तिसऱ्या रांगेतल्या थुजाची छत्री बघ, अरौकेरियाला शेणखत नको, आणि ताई भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन, तोंडानं त्या झाडांचा उद्धार करत एकेक काम करायची. मला तिचा राग आला. नवरा हाताशी सापडला म्हणून ही सूड उगवते आहे, असं मला वाटलं. एका रविवारी मी तिला तसं म्हणालोही. तिनं हातातलं काम टाकलं. मला हाताला धरून फाटकाशी, निळ्या सायप्रसपाशी घेऊन गेली, आणि ज्या झाडाला हात लावायला कुणाला परवानगी नव्हती त्याची एक फांदी तिनं दोन बोटांत धरून वाकवली. ती कडकन मोडली. आत ओल नव्हती. भुरा झालेला पाला तिच्या तळहातावर भुगा होऊन पडला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळेच्यान."

म्हणजे आठ-नऊ महिने भावोजी एका मेलेल्या झाडाला रोज सकाळी तळ्याची आणि पंचायतीची खबर सांगत होते. त्यांच्या त्या धूसर डोळ्यांना झाड होतं तसंच होतं. आणि ताई सैपाकघराच्या जनेलातून रोज हे पाहत होती.

"सांगायचं होतंस ना गं."

"कशें सांगूं?" ती म्हणाली. "सकाळीं ताच्याकडे उलयतात, मागीर दीसभर आमच्याकडे उलयतात. तें ना म्हणून कळ्ळें आनी परत सोप्यार बसले जाल्यार?" तिनं तो भुगा पदराच्या टोकात बांधला, मोडलेली फांदी दुसऱ्या फांदीत नीट खोचून ठेवली, आणि छत्रीची सुतळी आवळली.

मी तशाच झाडासाठी म्हापशाच्या सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. शेवटच्या नर्सरीवाल्याला माझी दया आली. "मास्तर, तें झाड हांगा जगना," तो म्हणाला. "तुमच्या भावोजींचें इतलीं वर्सां जगलें हेंच नवल."

चतुर्थी आली. ताईचा महिना संपला आणि तिची सगळी दोतोरकीही. घरचा गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून आणायचा मान भावोजींचा, तो कोण अडवणार? सकाळी ते नवं धोतर नेसून, काळा चष्मा घरीच ठेवून निघाले. मी बरोबर होतो. येताना गणपती त्यांच्या हातात पाटावर, वर प्लास्टिकचं कापड, मागून शेजारची चार माणसं झांजा वाजवत. वाटेत झिमझिम सुरू झाली. भावोजी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं वाचत होते, दुकानांच्या पाट्या, बसचा नंबर, माडावरचे नारळ. मला मात्र पुढचं फाटक दिसत होतं. पायरीवर ताई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिचीही नजर आमच्यावर नव्हती, त्या झाडावर होती.

फाटकातून आत आल्यावर भावोजी थांबले. झांजा अजून वाजत होत्या, मग एकेक करून त्याही थांबल्या. त्यांनी सायप्रसकडे खालपासून शेंड्यापर्यंत पाहिलं. खोचलेली फांदी पाहिली. बराच वेळ पाहिलं. पाऊस प्लास्टिकवर टपटप वाजत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "ती छत्री सोडात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठली?"

"हीच. गणपतीर धरात. ताका आतां ती नाका."

माझे हात सुतळीच्या गाठीत अडकत होते. कशीबशी छत्री सोडली, आणि त्या वर्षी गणपती पहिल्यांदा छत्रीखालून घरात आला.

मूर्ती चौरंगावर ठेवून भावोजींनी हात जोडले आणि वर पाहिलं. माटोळीच्या मध्यभागी, सुपारीचा घोस आणि रानातल्या कांगण्यांच्या मधे, लाल दोऱ्यानं बांधलेला एक झुबका लोंबत होता. बोराएवढे, अंगाला बारीक शिंगं असलेले दहा-बारा शंकू. आणि ते निळे होते. मलाही दिसलं, अगदी निळे होते.

"हे खंयचे?" भावोजींनी विचारलं.

"बांयकडल्या मोरपंखीचे." ताई निरांजन लावत होती, मान वर न करता तिनं मागच्या विहिरीकडे बोट केलं. "तिका कोण उदक घालीना. हांव तांदळांचें धुवण ओततां. फळ हाडात म्हणिल्लें, तुमी हाडूंक ना. मागीर हांवेंच हाडलें."

भावोजी तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुका खबर आशिल्ली."

"हय."

"आनी हांव रोज सकाळीं ताका..."

"तुमी उलयताले," ताई म्हणाली. "माका तें पुरो आशिल्लें."

त्या दिवशी भावोजी आरतीपुरतेच बोलले. दुपारी सोप्यावर जाऊन बसले. ताईनं पातोळ्यांचं ताट नेऊन ठेवलं, तर हं म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिथंच. ताई सैपाकघरात भांडी नुसती इकडची तिकडे ठेवत होती. माझ्या मनात ते जुनं वर्ष पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती मागच्या बाजूनं येणाऱ्या आवाजानं. विहिरीशेजारी, कपडे धुवायच्या दगडावर भावोजी बसले होते, हातात चहाचा कप, आणि मोरपंखीला सांगत होते की तळं यंदा काठोकाठ भरलंय, आणि आपल्याकडून तिच्या बाबतीत थोडा अन्याय झाला. ताई सैपाकघराच्या दारात धुवणाचं भांडं हातात धरून उभी होती. मला पाहून तिनं तोंडावर बोट ठेवलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

सायप्रस त्यांनी तुळशीच्या लग्नानंतर स्वतः काढला. जाळू दिला नाही. खोडाची साल काढली, सावलीत वाळवलं, काचपेपरनं घासलं, आणि कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. यंदाच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा ताई स्टुलावर चढून माटोळी बांधत होती आणि भावोजी खाली स्टूल धरून उभे होते. चौकटीची मधली दांडी नवी होती, गुळगुळीत, फिकट पिवळी, किंचित सुगंधी. ताईनं तिला सगळ्यांत आधी नारळ बांधला नाही, सुपारीचा घोसही नाही. मोरपंखीच्या शंकूंचा झुबका बांधला, आणि गाठ मारून झाल्यावर त्या दांडीवरून एकदा तळहात फिरवला. यंदा तिला हात लावायला कुणाची ना नव्हती.

"सरळ आसा न्हय गे?" भावोजींनी खालून विचारलं.

"सरळच आशिल्लें तें," ताई म्हणाली. "पयल्यापसून."